रेवणचं टेबल

"बाई, परत तेच," रेवण म्हणाला आणि त्यानं कागद माझ्यापुढं धरला.

कागदावर एकच रेघ होती. संगणकात ती सरळ होती, मी स्वतः काढली होती. कागदावर मात्र तिला बारीक बारीक लाटा आल्या होत्या. हात कापणाऱ्या माणसानं सही करावी तशी ती दिसत होती.

"बोल्ट आवळलेस?"

"आणखी आवळले तर आटे जातील."

"मग टेबल हलत असेल."

"टेबल?" रेवणनं टेबलाच्या कडेवर गुद्दा मारला. "बाई, ह्याच्यावर म्हैस उभी केली तरी हलायचं न्हाई हे."

"म्हैस हलेल," कोपऱ्यातून जाई म्हणाली.

रेवण हसला, मीही हसले. जाई हसली नाही. ती पाटीवर गणित मांडत बसली होती. गणित मी दिलेलं होतं आणि त्यासाठीच मी रोज दुपारी त्या घरी जात होते.

रेवण माझा जुना विद्यार्थी. मी इचलकरंजीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्त झाले तेव्हा तो मागांवर जॉबर होता, म्हणजे बिघडलेले यंत्रमाग दुरुस्त करणारा. हात सोन्याचा. पण जुने माग भंगारात चालले होते, आणि दुसरं काहीतरी शिकून घ्यावं असं त्याच्या मनात होतं. कोल्हापूरच्या एका इंजिनिअरिंगच्या पोरानं हौसेनं घरी जोडलेलं छोटं सीएनसी मशीन त्यानं घेतलं. संगणकात चित्र घालायचं, मशीननं ते लाकडावर कोरायचं. दारावरच्या पाट्या, देव्हाऱ्याच्या जाळ्या, असलं काहीबाही करायचा त्याचा विचार होता. संगणकाचं इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून त्या कामातही माझी मदत होतीच. मी त्याला सांगितलं होतं, "आधी पातं लावू नकोस, पेन लाव. कागदावर रेघ सरळ आली की मग लाकूड."

तर ती रेघ सरळ येत नव्हती.

जाई त्याची भाची. मोठ्या बहिणीची मुलगी, नऊ-दहा वर्षांची. पाटणच्या पलीकडं डोंगरात त्यांची वाडी होती. त्या वर्षी आषाढात तिथं दरड आली. घर गेलं, जाईचे वडील गेले. आई आणि जाई त्या दिवशी बाजारला गेल्या होत्या, म्हणून राहिल्या. पुढं आईला मिरजेला नर्सिंगच्या शिक्षणाची जागा मिळाली. राहायचं तिथंच, आणि पोर नेता येत नव्हतं. मामा म्हणाला, माझ्याकडं ठेव आक्का. म्हणून जाई इथं आली.

आली, पण झोपेना. दिवसा पेंगायची, रात्री उठून भिंतीला पाठ लावून बसायची. विचारलं की एकच सांगायची, "जमीन हलते."

तिची मामी राजश्री चांगली बाई. तिनं मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या, मनगटात काळा दोरा बांधला. डॉक्टर म्हणाले, मनात भीती बसलीय, हळूहळू जाईल. रेवण तिला मांडीवर घेऊन समजावायचा, "अगं ती जमीन तिकडं राहिली. इथं डोंगर तरी आहे का? सपाट गाव आपलं. इथली जमीन कशाला हलंल?"

"हलते," जाई म्हणायची.

त्यात आक्काचा फोन आला. दसऱ्याला येते. पोर झोपत नसेल तर मला शिक्षणबिक्षण काही नको, मी तिला घेऊन जाते. कुठं जाणार होती? वाडी तर राहिली नव्हती. पण आईच ती.

* * *

टेबल बदलायचं ठरलं.

पहिलं टेबल प्लायवूडचं, कपडे शिवणाऱ्या कुणाचं तरी होतं. ते रेवणनं काढून टाकलं आणि लोखंडी अँगल वेल्डिंग करून नवीन सांगाडा केला. पाय जाड, मध्ये आडव्या पट्ट्या. मी म्हटलं, चौकोन ढकलला की तिरपा होतो, त्रिकोण होत नाही. जाईला खराट्याच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे देऊन ते करायला लावलं. तिनं काड्यांचा चौकोन केला, दाबला, तो लवंडला. त्रिकोण केला, तो तसाच राहिला.

"मामा, कोपऱ्यात तिरप्या पट्ट्या मार," तिनं हुकूम सोडला.

"मारतो की, साहेब."

तिरप्या पट्ट्या मारल्या. वर कडाप्प्याची लादी बसवली, चार माणसांनी उचलावी अशी. मशीन ठेवलं, पेन लावलं.

लाटा आल्याच.

मग मी जाईला म्हटलं, "आता तू सांग. मी एक रेघ हळू काढते, एक जोरात. कुठं फरक दिसतो बघ."

तिनं दोन्ही कागद जवळ धरले. पुष्कळ वेळ बघितलं. मुलं विचार करत असतात तेव्हा आपण गप्प बसावं, एवढंच मी नोकरीत शिकले.

"हळूच्या रेघेत लाटा दाट आहेत. जोरातल्या रेघेत लांब लांब आहेत."

"म्हणजे काय झालं?"

"पेन कुठं का असेना, धक्का आपल्या वेळेवर येतोय." मग ती म्हणाली, "एस्टीत बसून लिहिलं की असंच येतं."

"म्हणजे माझं टेबल एस्टीत बसलंय?" रेवणनं डोक्याला हात लावला. "बाई, मला शाळेत बाकावर उभं करत होता ते बरं होतं. हे पोरगं तर मला वेड लावणार."

मीसुद्धा चक्रावले होते. पोरीचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मशीनच्या दातेरी पट्ट्यात किंवा स्क्रूत दोष असता, तर लाटा ठरावीक अंतरावर आल्या असत्या. ह्या लाटा ठरावीक वेळानं येत होत्या. पण धक्का देणार कोण? टेबलाला कुणी हात लावत नव्हतं. पंखा बंद केला. संगणक खाली ठेवला. मशीनच्या मोटरी एकेक करून सोडवून बघितल्या. काही कळेना.

"मला कळलं," रेवण एके दिवशी म्हणाला. "आपण मुळातच चुकलो. माग कसा बसवतात? नुसता ठेवतात का? जमिनीत खड्डा घ्यायचा, फाउंडेशन बोल्ट घालायचे, सिमेंटनं धरायचं. मशीन म्हटलं की जमिनीशी एकजीव पाहिजे. माझा बाप हेच सांगायचा."

हे मला पटलं. मागांच्या गावात कुणालाही पटलं असतं. ती खोली आधी मागांचीच होती, जुने खड्डे फरशीखाली तसेच होते. रेवणनं ते उकरले. टेबलाचे चारी पाय जमिनीत बोल्टांनी धरले, सिमेंट ओतलं, ते आळेपर्यंत रोज पाणी मारलं. टेबल असं बसलं की ते आणि घर एकच झाल्यासारखं वाटलं.

पेन लावलं.

लाटा आधीपेक्षा मोठ्या आल्या.

रेवण खालीच बसला.  

* * *

त्याच सुमारास जाईनं मला विचारलं, "बाई, खोटं बोललेलं चालतं का?"

"कुणाशी?"

"आईशी. ती आली की मी सांगणार, आता जमीन हलत नाही. मग ती परत शिकायला जाईल."

"आणि हलते का?"

तिनं मान हलवली. हलते.

 शाळेत माझा एक नियम होता. मूल जे म्हणेल ते आधी फळ्यावर लिहायचं, तपासून बघायचं, मगच पुसायचं. मी म्हटलं, "असं करू, आपण तपासून बघू. जमीन हलली तर त्यावर ठेवलेलं पाणीही हलेल. बरोबर?"

"बरोबर."

राजश्रीकडून पितळी परात आणली. फरशीच्या मधोमध ठेवली, पाणी ओतलं, दोघी लांब सरकून बसलो. पाणी शांत व्हायची वाट बघितली. ओतताना उठलेल्या लाटा विरल्या. मग पाण्यावर नेहमीची बारीक वलयं तेवढी राहिली.

"बघ," मी म्हटलं. "स्थिर आहे."

जाईनं पाण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला त्या वेळी मला नाव देता आलं नाही.

"हे स्थिर?" तिनं विचारलं.

"हो की. ह्याहून स्थिर पाणी असतं का कुठं?"

 परातीजवळ जाऊन तिनं बोट न बुडवता पाण्याच्या कडेला धरलं आणि बघत राहिली. मग म्हणाली, "ठीक आहे बाई. मी सांगेन आईला. हलत नाही म्हणून."

मी घरी आले, पण काहीतरी टोचत राहिलं. प्रयोग झाला होता, उत्तर आलं होतं, पोरीनं मान्यही केलं होतं. तरी मान्य करताना ती मला समजून घेतल्यासारखी का बोलली, ते कळेना. आपण लहान मुलाला समजून घेतो, तशी.

* * *

खंडेनवमीला रेवणनं मला मुद्दाम बोलावलं. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा. माग, करवत, पाने, शिवणयंत्र, सगळं पुसून मांडायचं, हळदकुंकू, झेंडूची माळ घालायची आणि दिवसभर त्यांना विश्रांती द्यायची. एरवी सुटीचा वार गल्लीगल्लीचा वेगळा असतो, एका बाजूचे माग थांबले तरी दुसऱ्या बाजूचे चालू असतात. वीज गेली की सगळेच थांबतात, पण मग रेवणचं मशीनही थांबतं. खंडेनवमीला मात्र गावात एकसुद्धा माग चालत नाही.

मी गेले तेव्हा टेबलाला आंब्याचं डहाळं बांधलेलं होतं. एवढा त्रास देऊनही मशीनच्या गळ्यात माळ होती.

"पूजा केलीस त्याची?" मी म्हटलं.

"करायची असते, बाई. रुसलेल्यालाही जेवायला वाढतोच की आपण."

"जाई कुठाय?"

राजश्रीनं ओठांवर बोट ठेवलं आणि मला आतल्या खोलीच्या दारात नेलं. जाई खाटेवर झोपली होती. नुसती पडलेली नव्हती. तोंड उघडं, एक हात खाली लोंबत होता, एक पाय पांघरुणाबाहेर.

"सकाळी आंघोळ करून बसली ती बसल्या जागी लवंडली," राजश्री कुजबुजली. "मी उचलून आणून टाकली तरी जाग न्हाई. पूजेला उठवू का नको? बाई, बरं न्हाई काय हो तिला?"

मी कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. श्वास लांब, शांत चालला होता. इतक्या दिवसांत हे पोर असं झोपलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आजच का? दोरा तोच होता, खाट तीच, खोली तीच.

"कुजबुजताय काय दोघी?" रेवण बाहेरून म्हणाला. तो हळू बोलत होता आणि मला स्वच्छ ऐकू येत होतं. आमच्या गावात माणसं आवाज चढवूनच बोलतात. पाहुणे विचारतात, भांडताय का म्हणून.

मी पूजेच्या पाटासमोर येऊन बसले. पाटावर पाना, हातोडी, करवत, पक्कड ओळीनं मांडलेली. समोर तीच पितळी परात, पाण्यानं भरलेली, झेंडूची फुलं सोडायला. फुलं अजून टोपलीतच होती.

मी परातीत बघितलं आणि मला छत दिसलं.

छताचे लोखंडी अँगल दिसले, त्यावरचा पत्रा, पत्र्यातलं खिळ्याचं भोक, त्यातून येणारा उजेड. अँगलला टांगलेला बल्ब दिसला आणि त्याच्या काचेवरची धूळसुद्धा. आरशात बघावं तसं. मी डोकं पुढं केलं. माझा चेहरा आला, चष्म्यासकट.

मी जन्मापासून इचलकरंजीत राहिले. पाण्याचे शेकडो प्रयोग मुलांना करून दाखवले. पाण्यात माझा चेहरा असा कधी बघितला नव्हता. पाण्यावर बारीक वलयं असतात, हे मला माहीत होतं. पाणी ओलं असतं हे जसं माहीत असतं तसं.

"रेवण," मी म्हटलं, "मशीन चालू कर."

"काय?"

"एक रेघ काढ."

"बाई!" त्यानं कान पकडले. "आज? खंडेनवमीला? माळ घातलीय त्याला. आज हत्यार उचललं तर बाप स्वर्गातून खाली येईल माझा."

"पातं लावू नकोस. पेनच आहे की."

"पेन म्हणजे..." तो अडखळला. बायकोकडं बघितलं.

राजश्रीनं क्षणभर विचार केला. "पेन हत्यारात धरत न्हाईत," ती म्हणाली. "पाटी-पेनाची पूजा उद्या असते. दसऱ्याला."

"मग आज पेन मोकळं आहे म्हणतीस?"

"आज मोकळंच."

रेवणनं मशीनसमोर हात जोडले, माळ जरा बाजूला सरकवली आणि बटण दाबलं. पेन कागदावर उतरलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं आणि उचललं गेलं.

आम्ही तिघं वाकलो.

रेघ सरळ होती. पट्टीनं मारल्यासारखी. रेवणनं तिच्याशेजारी खरोखरच पट्टी लावली.

"अंबाबाई पावली," तो म्हणाला. "पूजेनं पावली."

 मी त्याला आणखी एक रेघ काढायला लावली, मग गोल, मग चौकोन. सगळं आखल्यासारखं येत होतं. रेवणचा चेहरा फुलत गेला आणि मग हळूहळू बदलला. तो जॉबर होता. आडवा धागा नेणारा मागाचा धोटा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आदळतो तेव्हा जमिनीला काय होतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यानं शेजारच्या भिंतीकडं बघितलं. भिंतीपलीकडं ओळीनं माग होते. रात्रंदिवस चालणारे. आज फुलं घालून उभे.

त्यानं तळहात जमिनीवर टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला.

"काहीच न्हाई लागत," तो म्हणाला.

"आज लागणार नाही."

"न्हाई बाई. रोजही लागत न्हाई. तुम्हाला लागतं?"

"नाही."

"मग तिला..." त्यानं आतल्या खोलीकडं बघितलं.  मग टेबलाच्या पायाशी जाऊन सिमेंटमध्ये गाडलेल्या बोल्टवरून त्यानं अंगठा फिरवला. "आणि मी टेबल आणखी ह्या जमिनीतच पुरलं."

जाई दिवेलागणीला उठली. डोळे चोळत बाहेर आली, तर तिच्या मामानं तिच्या हातात कागद दिला. त्यानं मशीनकडून पाटीवरची सरस्वती काढून घेतली होती. एकाच्या आकड्यांची, उभ्या-आडव्या रेघांची, दसऱ्याला मुलं पाटीवर काढतात ती. एकही रेघ कापरी नव्हती.

जाईनं ती बघितली. मग परातीकडं गेली. पाण्यात बघितलं.

"बाई," ती म्हणाली, "हे स्थिर."

* * *

दसऱ्याला हत्यार पुन्हा हातात घ्यायचा मुहूर्त. रेवणनं पूजेतली करवत उचलली ती थेट फाउंडेशन बोल्टांना लावली. चारी बोल्ट कापले. टेबल जमिनीपासून सुटं केलं. जुन्या ट्रकच्या टायरचे जाड तुकडे कापून पायांखाली घातले. लादीखाली लोखंडी ट्रे बसवून त्यात वाळू भरली आणि लादी वाळूवर ठेवली. पलीकडचे माग सकाळपासून सुरू झाले होते. त्यांचा हादरा आम्हाला तेव्हाही जाणवत नव्हता. पेनाला जाणवतो का, एवढं बघायचं होतं. रेघ अगदी पट्टीसारखी आली नाही, पण लाटा राहिल्या नव्हत्या. भिंग घेऊन शोधलं तर थोडा थरार सापडत होता.

"आता लाकूड लावू?" मी विचारलं.

"लावू की. जरा थांबा." आणि तो उरलेला टायर घेऊन उठून गेला.

आक्का दुपारी आली. हातात आपट्याची पानं, खांद्याला पिशवी, डोळे आधीच भरलेले. जाई धावत जाऊन तिला बिलगली. आक्कानं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघितली. मग राजश्रीकडं आणि माझ्याकडं बघितलं. तिच्या पिशवीत जास्तीचे कपडे होते. परत न जायच्या तयारीनं आली होती.

"झोपते का?" तिनं विचारलं.

जाई बोलायला लागली. मला माहीत होतं ती काय म्हणणार. तिनं ते पाठ केलेलं होतं. "आई, आता जमीन..."

"हलते," आतल्या खोलीतून रेवणचा आवाज आला.

आक्का दचकली. आम्ही सगळे दारात गेलो. रेवण खाटेखाली उताणा पडला होता. नुसते पाय बाहेर दिसत होते. शेजारी टायरचे कापलेले चार तुकडे.

"काय म्हणालास?" आक्कानं विचारलं.

"जमीन हलते म्हटलं. ती पहिल्या दिवसापास्नं सांगत होती." त्याचा एक हात खाटेखालून बाहेर आला, जमिनीवर चाचपडत एक तुकडा उचलून आत गेला. "सगळं सांगतो. आधी खाट जरा वर धर, आक्का."